नको म्हणायची सोय

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाई अनुदानित शाळेत चित्रकला शिकवत होत्या. गेल्या वर्षी ५८ पूर्ण झाली आणि त्या निवृत्त झाल्या. चार वर्षांपूर्वी त्यांची थोरली बहीण कॅन्सरने गेली. शेवटचे तीन आठवडे ती कॉटवर पडून छताकडे बघत असायची, आणि ते छत बाईंच्या डोक्यातून अजून जात नाही. म्हणून आता एका संस्थेमार्फत रीतसर परवानगी काढून त्या दर गुरुवारी दुपारी ३ ते ५ कॅन्सरच्या वॉर्डात कागद आणि रंग घेऊन जातात. दोन महिने बरे गेले. मग एका गुरुवारी पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही दर आठवड्याला येता. मला नाही रंगवायचं. मला झोपू द्या." शेजारच्या कॉटवरचे हसले. पुढच्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. विदर्भातली एक तरुण बाई तीन गुरुवार एकच चित्र काढत होती, माहेरच्या अंगणाचं. चौथ्या गुरुवारी त्या कॉटवर कुणी दुसरंच होतं. सिस्टर म्हणाल्या, "त्या रविवारी गेल्या." अर्धवट रंगवलेला तो कागद अजून बाईंच्या पिशवीत आहे. पुण्याला नोकरी करणारी मुलगी म्हणते, "आई, त्या लोकांकडे औषधाला पैसे नाहीत आणि तू खडू वाटतेस. तोच खर्च त्यांना दे ना." शाळेतले एक जुने सहकारी म्हणतात, रुग्णांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवू. बाई विचारतात: हे मी त्यांच्यासाठी करते की माझ्या समाधानासाठी? थांबू का? का आधी आर्ट थेरपीचा कोर्स करू? आणि त्या कागदाचं काय करू?

*

बाई, शाळेत तुम्हाला सगळे बाईच म्हणत असणार, मीही तेच म्हणतो. रुग्णालयाचं नाव तुम्ही लिहिलंय, ते मी गाळलंय. तिथल्या कुणाला उगाच कानकोंडं व्हायला नको.

सुरुवात त्या तोंड फिरवणाऱ्या गृहस्थांपासून करू. कारण तुमच्या चार पानी पत्रात त्यांच्यावर दीड पान आहे. तुम्ही त्यांना अपयशाच्या खात्यात टाकलंय. माझं म्हणणं नेमकं उलट आहे, पण त्यासाठी माझ्या वडिलांची गोष्ट सांगावी लागेल.

बारा वर्षांपूर्वी बाबा अशाच एका वॉर्डात छत्तीस दिवस होते. ते एसटीत कंडक्टर होते. मी रात्री त्यांच्या कॉटखाली चटई टाकून झोपायचो, त्यामुळे वॉर्डाचा दिवस मला तोंडपाठ आहे. पहाटे साडेपाचला रक्त घ्यायला मुलगा येतो, लाइट लावतो. मग फिनेलचा पोछा. मग स्पंजिंग, चादर बदलायला "जरा कुशीवर व्हा". मग राऊंड: पाच-सात डॉक्टर पायाशी उभे राहून इंग्रजीत आपल्याबद्दल बोलतात. सलाईन, गोळ्या, सोनोग्राफीला स्ट्रेचर. यातलं काहीही वाईट नाही, सगळं गरजेचंच. पण यातल्या एकाही गोष्टीला पेशंट नको म्हणू शकत नाही. म्हणालाच, तर नातेवाइकांना बोलावून त्याला समजावलं जातं.

एका शनिवारी कीबोर्ड घेऊन एक मंडळ आलं. हेतू चांगला, माणसं सज्जन. टाळ्या वाजवा, हसा, आनंदी राहा. बाबांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. मंडळाच्या प्रमुख बाई मला म्हणाल्या, "बाबांना उठवा ना, त्यांनाही फ्रेश वाटेल." आणि मी उठवलं. याची मला आजही लाज वाटते. बाबांनी सुई लावलेला हात सांभाळत टाळ्या वाजवल्या. मंडळ पुढच्या वॉर्डात गेल्यावर मला म्हणाले, "झाली का त्यांची तिकिटं फाडून?"

आता बघा. जे माझ्या बाबांना जमलं नाही ते तुमच्या त्या गृहस्थांनी केलं. त्यांना ते का जमलं? कारण तुमच्या हातात सुई नव्हती, फाइल नव्हती. तुम्हाला नको म्हटल्याने उपचार थांबणार नव्हते, सिस्टर रागावणार नव्हत्या, मुलगा रडणार नव्हता. अख्ख्या दिवसात नको म्हणता येईल असं एकच माणूस त्या वॉर्डात आलं, ते म्हणजे तुम्ही. त्यांनी ती सोय वापरली. त्या दिवशी तुम्ही त्यांना खडू दिले असतेत तर यापेक्षा जास्त काही दिलं असतंत असं मला वाटत नाही.

मात्र ही सोय तुम्ही मुद्दाम ठेवायला हवी. ते गृहस्थ आधीचे गुरुवार गप्प राहिले आणि मग वैतागून बोलले, म्हणजे आधी नको म्हणायला त्यांना जागा मिळाली नव्हती. एकदम स्टुलावर बसू नका. कागद आधी हातात देऊ नका, हातात आलेली वस्तू परत करणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. पायाशी उभं राहून एका दमात विचारा, "आज बसू का, की नको?" यातलं 'नको' 'बसू का'च्याच आवाजात आलं पाहिजे. "बरं" म्हणून पुढे जा. "का हो, बरं वाटत नाही का?" हे विचारू नका, कॅन्सरच्या वॉर्डात त्याला काय उत्तर द्यायचं? आणि पुढच्या गुरुवारी त्या गृहस्थांची कॉट वगळू नका. वगळलंत तर ती शिक्षा होईल. मान हलवा आणि पुढे जा.

दुसरं, ते छत. बहीण छताकडे बघत होती म्हणजे तिला काहीतरी हवं होतं, आणि ते कुणी दिलं नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही. पण छताकडे बघणारं माणूस रिकामंच असतं असं नाही. बाबा तासन् तास पंख्याकडे बघायचे. मला वाटायचं, कंटाळलेत. एकदा विचारलं तर म्हणाले, "गाडी आत्ता पोलादपूर सोडून घाटाला लागली." ते मनातल्या मनात ड्यूटीवर होते, आणि मी त्यांना मोबाइलवर विनोदी व्हिडिओ दाखवत होतो.

तुमच्या 'माझ्या समाधानासाठी का' या प्रश्नाला माझं उत्तर आहे: हो, तुमच्याही. त्यात गैर काय? दोन तास लोकलचे धक्के खात कुणी निव्वळ परोपकारापोटी जात नाही. जपायचं ते एवढ्यासाठीच की प्रत्येक कॉटवर तुम्हाला बहीण दिसू लागली तर समोरची बाई दिसायची नाही.

मग चित्राचा उपयोग काय? तुमच्या मनात आहे की चित्र माणसाला आनंदी करतं. चित्रकलेच्या शिक्षकाने असं मानावं याचं मला नवल वाटतं. तासाला रडणारी मुलं तुम्ही काय कमी पाहिली असतील! 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ साली ज्याने रूढ केला तो एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार स्वतःच पेशंट होता. १९३८ साली क्षयामुळे तो ससेक्समधल्या सॅनेटोरियममध्ये पडून होता आणि पडल्यापडल्या समोर दिसेल ते काढत होता. त्याच्याकडे कुणी खडूंची पेटी घेऊन आलं नव्हतं. पुढे तो इतर पेशंटांना शिकवू लागला, पण मुळात ही गोष्ट कॉटवरून सुरू झालेली आहे, दारातून आत आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांवरचे तीन हजारांहून जास्त अभ्यास एकत्र तपासून अहवाल काढला. आजार टाळण्यात, आजारासोबत जगण्यात कलेचा हातभार लागतो असं त्यात दिसतं. गाठ विरघळते असं कुठेही म्हटलेलं नाही. कुणी तसं म्हणालं तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

बाबांच्या चित्राचं सांगतो. ते पंख्याचं बोलणं झाल्यावर मी म्हटलं, "मला दाखवा ना घाट." रक्त घ्यायला आलेल्या मुलाकडून बॉलपेन घेतलं आणि एक्स-रेच्या मोठ्या खाकी पाकिटाच्या पाठीवर बाबांनी महाड ते महाबळेश्वर रस्ता काढला. हात थरथरत होता, त्यामुळे आंबेनळी घाटाची वळणं आपोआपच बरोबर आली. महाड, पोलादपूर, वाडा. कुठल्या फाट्यावर कोंबड्यांची पाटी घेऊन एक म्हातारी चढायची आणि कोंबड्यांचं तिकीट काढायला कशी भांडायची. कुठे धुक्यात खाली उतरून गाडीच्या पुढे चालावं लागायचं. एका वळणापाशी पेन थांबलं. "इथे आमचा एक ड्रायव्हर गेला," म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला त्यांचा एक हात सलाईनमध्ये, दुसऱ्यात पेन. मग पेन पुढे सरकलं. महाबळेश्वरला पोचायला दोन तास लागले, एसटीलाही साधारण तेवढेच लागत असावेत.

यात ते आनंदी झाले असं मी म्हणणार नाही. दमले. त्या रात्री जेवलेही नाहीत. पण दुसऱ्या दिवशी राऊंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी ते पाकीट दाखवलं आणि डॉक्टर वाकून म्हणाले, "हे वळण फार अरुंद आहे ना?" छत्तीस दिवसांत बाबांना ज्यातलं जास्त कळतं असा एकच प्रश्न डॉक्टरांनी विचारला, तो हा.

म्हणून, बाई, 'काय काढायला आवडेल?' हा प्रश्न सोडा. त्याला "मला येत नाही" हे एकच उत्तर मिळतं, कारण आपल्याकडच्या निम्म्या लोकांना चित्र येत नाही हे सहावीतच सांगून टाकलेलं असतं. (तुम्ही सांगितलं नसेल. पण कुणीतरी सांगितलंय.) तुमच्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएटचं हत्यार आहेच: स्मरणचित्र. फक्त त्याला चित्र म्हणू नका. "तुमच्या घरी यायचं तर स्टँडवरून कसं यायचं?" असं विचारा आणि कागद पुढे सरकवा. रस्ता कुणालाही काढता येतो. "तुमच्या फळीवर डबे कसे लावलेत?" बायका दहा मिनिटांत अख्खं स्वयंपाकघर मांडतात, आणि कुठला डबा सासूबाईंचा तेही सांगतात. शेताचा बांध, विहीर, गोठा, दुकानातला गल्ला. मात्र एक पथ्य: पर्स्पेक्टिव्ह सुधारायला तुमचा हात शिवशिवेल, तो मांडीखाली दाबून ठेवा. "छान" हेही जरा जपून. छान म्हटलं की मार्क दिल्यासारखं होतं. "ही विहीर कुणी खणली?" हे बरं.

आणि पेन धरता येत नसेल तर? केमोच्या काही औषधांनी बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. शर्टाचं बटण लागत नाही तिथे पेन्सिल काय धरणार. पेन्सिलीला स्पंजाची नळी किंवा जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. उजव्या हाताला सुई असेल तर त्या दिवशी पेन्सिल नकोच. कागद फाडून चिकटकाम करता येतं, आणि तेही जमत नसेल तर कुठला तुकडा कुठे ठेवायचा हे त्यांनी बोटाने दाखवावं, चिकटवायचं तुम्ही. याला कमी लेखू नका. हेन्री मातिस या फ्रेंच चित्रकाराचं १९४१ साली कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. त्यानंतर पुष्कळसा वेळ अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत. उभं राहून रंगवणं अवघड झालं तेव्हा मदतनीस कागद रंगवून द्यायचे, तो कात्रीने आकार कापायचा आणि भिंतीवर कुठे लावायचा ते सांगायचा. वॉर्डात कात्री नेऊ नका एवढंच.

नुसतं बोलणंही चालेल. गावाकडच्या वयस्क बायकांच्या पोटात जात्यावरच्या ओव्या असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या अशाच तोंडून तोंडात आलेल्या. तुम्ही वही घेऊन बसा आणि सांगा, "आजी, मला लिहून घ्यायच्यात." तिथे देणारी ती असते, घेणाऱ्या तुम्ही. कॉटवर पडल्यापासून तिच्याकडे कुणी काही मागितलेलं नसतं.

आता सामानाचं. हे कंटाळवाणं आहे, पण यात चूक झाली तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. 'काउंट कमी झालेत' असं वॉर्डात तुम्ही ऐकलं असेल. म्हणजे पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेलेल्या असतात की एरवी आपल्याला जाणवणारही नाही असा जंतूही महागात पडतो. म्हणून एकाचे खडू दुसऱ्याला नाहीत. प्रत्येकाला स्वतःची बारा मेणखडूंची छोटी पेटी, ती त्याच्याच लॉकरमध्ये राहील. माती, शाडू, ताजी फुलं, पानं, रद्दीतले धुळकट कागद, चमकी यातलं काहीही नाही. तेलरंग, टर्पेंटाइन, वासाचे मार्कर नाहीत. केमोवर असलेल्या माणसाला वासानेच उलटी होते. तुमच्या अंगावरचं अत्तरही त्यात आलं, आणि मोगऱ्याचा गजराही. शिंक जरी आली असेल तरी तो गुरुवार घरी. हात प्रत्येक कॉटच्या आधी आणि नंतर धुवायचे. वॉर्डात शिरल्यावर आधी सिस्टरना विचारायचं: आज कुणाकडे जायचं नाही? एका माणसापाशी पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

तुमच्या पत्रात एका माणसाचा उल्लेखच नाही: कॉटखालचा. मी तोच होतो, म्हणून मला लगेच जाणवलं. पेशंट झोपलेला असताना त्याचा मुलगा, बायको, आई स्टुलावर बसून काय करतात? बिलं लावतात, फोनवर "बरं आहे" असं खोटं सांगतात, परत बिलं लावतात. तुम्हाला नको म्हणून झोपलेल्या गृहस्थांच्या बायकोला कधी कागद दिला होतात का? मला कुणी दिला असता तर मी काय काढलं असतं कोण जाणे. बहुतेक फक्त रेघा.

आणि वॉर्ड ही एकच जागा नाही. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेले कितीतरी लोक दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आणि आसपासच्या निवाऱ्यांत राहतात. 'शेक', म्हणजे रेडिएशन, घेणाऱ्यांचं पाहा: आठवड्यातले पाच दिवस, असे कित्येक आठवडे, आणि मशीनवर रोजची काही मिनिटं. उरलेला दिवस कोरा. गावापासून शेकडो किलोमीटर लांब, अनोळखी शहरात, हातात काही काम नाही. तिथे माणसं बसू शकतात, वेळ असतो, मुलंही असतात. तुमच्या गुरुवारांपैकी एक-दोन अशा एखाद्या निवाऱ्याला देता आले, तिथल्या व्यवस्थापनाला विचारून, तर बघा.

एक अवघड जागा येणारच, तिची तयारी आधीच करा. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत पेशंटला आजाराचं नाव सांगितलेलं नसतं. 'गाठ आहे, औषधाने जाईल' एवढंच. तुम्ही निवांत बसलेल्या, परक्या, तरी मायेच्या. म्हणून प्रश्न तुम्हालाच विचारला जातो. "बाई, खरं सांगा, मला कॅन्सर आहे का?" खोटं बोलायचं नाही, आणि खरं सांगायचा अधिकार तुमचा नाही. "तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारा आणि ऐका. मग, "डॉक्टरांशी बोलायचंय का? मी सिस्टरना सांगते." आणि खरोखर सांगा, त्याच दिवशी, वॉर्ड सोडायच्या आधी.

मुलीचं म्हणणं सरळ धुडकावू नका. ज्याच्याकडे घरी जायला गाडीभाडं नाही त्याच्यापुढे खडूंची पेटी ठेवली तर ती थट्टाच होते. पण खडू आणि औषध यांतलं एक निवडा असं तुम्हाला कुणी सांगितलंय? तुमच्या बारा खडूंच्या पेट्यांच्या पैशांत केमोचं एक सायकलही बसणार नाही, हे मुलीलाही ठाऊक असेल. पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत, पावती घेऊन, कुणाला मिळाले हे न विचारता. वॉर्डात कुणाच्या हातात नोट ठेवू नका. एकदा ठेवलीत की पुढच्या गुरुवारपासून तुमच्या पिशवीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जाईल, आणि मग तुम्हाला नको म्हणायची सोय संपली. पैसे देणाऱ्या बाईंना कोण नको म्हणेल? कुणी मदत मागितली तर समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात, फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र कुठल्या खिडकीवर असतात, एवढं तुम्हाला माहीत असायला हवं. तिथपर्यंत सोबत चालत जा. 'होईल काहीतरी' असं मात्र म्हणू नका.

कोर्सबद्दल. आर्ट थेरपी हा शिकून करायचा व्यवसाय आहे. त्यात मानसशास्त्र येतं, देखरेखीखालचा सराव येतो. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन थेरपिस्ट म्हणवून घेऊ नका. त्यापेक्षा पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना-उपशमनाच्या कामाचं, स्वयंसेवकांसाठी असलेलं प्रशिक्षण घ्या. केरळात १९९३ साली कोझिकोडला हे काम सुरू झालं आणि पुढे गल्लीगल्लीतल्या शिकवून तयार केलेल्या सामान्य लोकांनी ते उचलून धरलं. आपल्याकडे वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून. तुमच्या रुग्णालयातही असा विभाग असेल तर त्यांच्याकडे जाऊन विचारा, स्वयंसेवकांना शिकवता का. ऐकायचं कसं, गप्प कसं बसायचं, घरी आल्यावर स्वतःचं काय करायचं, हे तिथे शिकता येतं. शेवटचं तुम्हाला सगळ्यात गरजेचं आहे. त्या तरुण बाई गेल्याचं सिस्टरनी सांगितल्यावर तुम्ही उरलेल्या पाच कॉट तशाच केल्यात, असं लिहिलंय. पुढच्या वेळी करू नका. जिन्यात बसा, चहा प्या, घरी जा. आणि एकट्या जाऊ नका. दुसऱ्या कुणाला तरी सोबत घ्या, परतीच्या गाडीत बोलायला.

प्रदर्शन नको. आजारी माणसाने मागितलं तर वेगळं. फोटोही नकोत, पाठमोरेही नकोत, व्हॉट्सअॅप स्टेटसला तर नकोतच. तुमच्या सहकाऱ्यांना माझं नाव सांगा, मला वाईटपणा चालेल.

राहिला तो कागद. तुम्ही लिहिलंय की तुळशी वृंदावनाच्या चौथऱ्यापर्यंत रंग आलाय, चौथरा कोरा आहे, आणि 'मी पूर्ण करून तिच्या घरच्यांना पाठवू का?' पूर्ण करू नका. गेरूचा नेमका कुठला रंग त्या चौथऱ्याला होता हे तिला माहीत होतं, तुम्हाला नाही. आणि असा कागद पोस्टाने अचानक कुणाच्या दारात जाऊ देऊ नका. तेरावं होऊन गेलं असेल, अजून थोडे दिवस जाऊ द्या. मग समाजसेवा विभागातल्या कुणाला तरी त्यांच्या घरी फोन करायला सांगा. नंबर तुम्ही मागून घेऊ नका. फोनवर एवढंच विचारायचं: त्यांनी काढलेला एक कागद आमच्याकडे आहे, पाठवू का, की नको? नको म्हणाले तर बरं म्हणायचं. वर्षभराने त्यांचाच फोन येऊ शकतो, तेव्हा तो कागद सापडला पाहिजे. मागे पेन्सिलीने तारीख आणि वॉर्ड लिहून ठेवा. पिशवीतून तो आजच काढा. गुंडाळी करू नका, मेणखडूचा रंग पाठीला उमटतो. वर बटर पेपर घालून सपाट ठेवायचा. हे मी तुम्हाला काय सांगायचं.